हायमास्टला झाकण कोण घालणार?

म्युनिकपासून तासाभरावर आम्ही राहतो, त्या गावात काही दिव्यांच्या खांबांवर लाल-पांढरा पट्टा रंगवलेला आहे. नवा होतो तेव्हा मला ती पार्किंगची काहीतरी भानगड वाटली. शेजारच्या आजोबांनी उलगडा केला : हा दिवा रात्रभर जळत नाही, गाडी इथे लावलीस तर तिचा दिवा तुलाच चालू ठेवायला हवा. काळोख होणार हे सरकार खांबावर रंगवून सांगतं, याचं तेव्हा हसू आलं होतं.

यंदा मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडे गावी गेलो. सुरूच्या बनाला लागून साडेबारा मीटरचा हायमास्ट उभा होता. वर सहा पांढरेफटक दिवे, खाली निधी देणाऱ्यांच्या नावाची पाटी. रात्री दहाला वाळूवर माझी सावली इतकी ठसठशीत पडली की मुलगी तिच्यावर उड्या मारत बसली. ह्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर येतात आणि त्यांचा हिशेब एकच : जिकडे उजळ, तिकडे समुद्र. हॅचरीत, म्हणजे अंडी आणून राखतात त्या जागी, जन्मलेल्या पिल्लांना माणसं सोडतात, पण एखादं घरटं नजरेतून सुटतंच. चुलतभावाने सकाळी टपरीमागे गटाराच्या काठावर एक पिल्लू दाखवलं. तळहातावर मावेल एवढं, पुढचे पाय पसरलेले, पाठीवर मुंग्या.

माझी मागणी काही फार नव्हती. दिव्यांना वरून झाकण, पिवळसर बल्ब, आणि पिल्लांच्या महिन्यांत रात्री अकरानंतर समुद्राकडचे दिवे बंद. ग्रामसभेत एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन्ही पॅनेलं ह्याविरुद्ध मात्र एक झाली. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "तू थंय जर्मनीत उजेडात रवतस, आणि आमका काळोखात ठेवूक इलस काय?" सभा हसली. मीही हसलो, कारण टोला बरोबर बसला होता. ज्याच्या लहानपणी पहिल्याच पावसाला वीज जायची आणि गणपतीपर्यंत तिचा भरवसा नसायचा, त्याला उजेड कमी करा म्हणणं सोपं नाही.

पण जर्मनीत उजेडात राहतो, हे खरं नाही. बव्हेरियात 2019मध्ये मधमाश्या वाचवायच्या मागणीवर सतरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यातून आलेल्या कायद्यात सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्री अकरानंतर बंद झाली. आमच्या गावातले ते पट्टेवाले दिवेही रात्री विझतात. त्याचा त्रासही होतो, तो लपवत नाही. मुलगी शेवटच्या बसने येते तेव्हा आम्ही दोघांपैकी एक जण स्टॉपवर जाऊन उभा राहतो.

गावात मुलीबाळींचं नाव पुढे केलं की वाद संपतो. पण पाणंदीत, जिथून बायका खरोखर येतात-जातात, तिथे एक दिवा नाही. सगळा उजेड किनाऱ्यावर, पर्यटकांच्या गाड्यांवर. फुरसं चावेल, त्या विषारी सापासाठी उजेड हवा, ह्या म्हणण्याचंही तेच. आई म्हणाली, "फुरसा काय हायमास्टखाली बसता? ता गवतात आसता. हातात बॅटरी व्हयी."

आणखी एक गंमत. एलईडी लावून मासे पकडणाऱ्या बोटींविरुद्ध आपले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडताहेत. केंद्राने 2017मध्ये त्या मासेमारीवर बंदी घातली, तरी भांडण संपलेलं नाही. उजेड लावला की समुद्रातला जीव खेचला जातो, हे त्यांना मी काय शिकवणार? पण तोच उजेड जमिनीवर खांबाला टांगला की त्याला विकास म्हणतात.

जर्मनी सोडा, आपलं पेंचचं जंगल घ्या. जानेवारी 2024मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणारं ठिकाण, झालं. तिथल्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले, आणि तेही नागपूरच्या जिल्हा नियोजन समितीने. आपल्याकडेही जिल्हा नियोजन समिती आहेच. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त आकाशाला उजेड देणं बंद झालं.

पुढच्या ग्रामसभेसाठी चुलतभावाला पेंचचे फोटो पाठवलेत. त्याने ते पॅनेलप्रमुखाला दाखवले. प्रमुखाने बराच वेळ पाहिले म्हणे, झाकणाचा खर्चही विचारला. मग म्हणाला, "सगळा बरा आसा. पण ह्या झाकणार नाव खंय लिवचा?"