दहा ग्रॅमसाठी एसएसडी बोर्डाला का चिकटवायची? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी, मी म्हटलं होतं की हलका लॅपटॉप घेताना वजनाच्याही आधी हे बघा की आतली एसएसडी (फाईली साठवणारी चिपवाली ड्राइव्ह) आपल्याला बदलता येते का आणि पुढं 2-4 टीबीपर्यंत नेता येते का. त्यावर दादांचं म्हणणं असं, "हलका पायजे तर सगळं सोल्डर होऊनच येणार, दोन्ही एकदम मिळत नसतंय. 7000 चा स्पीड कुणाला दिसतोय? जागा कमी पडली तर क्लाऊड आहे, एक्स्टर्नल आहे. साध्या माणसाला लॅपटॉप उघडायला लावून तुम्ही त्याची वॉरंटी घालवताय." (सोल्डर म्हणजे चिप मुख्य बोर्डाला डाग देऊन कायमची बसवणं, आणि 7000 म्हणजे सेकंदाला 7000 एमबी. पुढंही एसएसडीच्या वेगाचे आकडे याच मापात आहेत.)

वजनापासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. एम.2 एसएसडी म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब पट्टी, म्हणून तिला 2280 म्हणतात, आणि तिचं वजन भरतंय जेमतेम आठ-दहा ग्रॅम. स्लॉट आणि स्क्रू धरला तरी फार काही वाढत नाही. एलजी ग्रॅम 14 बघा, 999 ग्रॅमचा लॅपटॉप आणि आत एम.2 चे दोन स्लॉट, एक नाही दोन! फ्रेमवर्क कंपनीचा 13 इंची लॅपटॉप 2021 मध्ये आला तो साधारण 1.3 किलो, त्यात एसएसडी, रॅम, बॅटरी सगळं मालकानं बदलायचं. आणि एसएसडी सोल्डर केलेला 13 इंची मॅकबुक एअर 1.24 किलो. मग सांगा, चिकटवून नेमकं किती वजन वाचलं?

रॅमचं वेगळं आहे, तिथं मी कंपन्यांची बाजू समजू शकतो. एलपीडीडीआर (पातळ लॅपटॉपमधली कमी वीज खाणारी) रॅमला कमी वीज आणि जास्त वेग पाहिजे तर ती प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते, सिग्नलचा प्रश्न असतो, म्हणून ती बोर्डावरच बसवत आले. त्यावरही आता एलपीकॅम2 नावाचं काढता येणारं मॉड्यूल आलंय, 2024 च्या थिंकपॅड पी1 मध्ये ते बसवलंय. एसएसडीला मात्र असं कुठलंच कारण नाही. ती पीसीआयईच्या (प्रोसेसरपर्यंत डेटा नेणाऱ्या जोडणीच्या) चार लेनवर चालते आणि तेवढा वेग स्लॉटमधून सहज मिळतो. थिंकपॅड एक्स1 कार्बनसारख्या हलक्या मशीनमध्ये रॅम बोर्डावर आहे पण एसएसडी स्लॉटमध्येच आहे, ते उगाच नाही.

आता स्पीड. तुमचा हा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. टॅली, एक्सेल, ब्राउझर, एवढंच काम असेल तर 3500 ची जेन 3 आणि 7000 ची जेन 4 (जेन म्हणजे पीसीआयईची पिढी) यातला फरक कुणालाच कळणार नाही. जुन्या साटा एसएसडीचे 550 सुद्धा पुष्कळ होतात. जेन 5 तर मी पातळ लॅपटॉपसाठी कुणाला सुचवतच नाही, उष्णता बाहेर टाकायला आत जागाच नसते, ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग कमी करते. पण खोक्यावरचा आकडा सोडा आणि हे बघा की मोठी फाईल सलग लिहिताना वेग टिकतो का. आपल्याकडं लग्नाचं शूटिंग करणारी किती पोरं आहेत तुम्हाला माहीतच आहे. 4के मध्ये 100 एमबीपीएसनं (सेकंदाला 100 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) शूट केलं तर तासाला 45 जीबी होतात. तीन कॅमेरे, हळद-लग्न-रिसेप्शन मिळून प्रत्येकी सहा तास, झाले 810 जीबी, एका लग्नाचे! स्वस्तातली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) ड्राइव्ह घेतली की सुरुवातीला कॉपी झकास पळते, कारण ती आधी एसएलसी कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगवान जागेत लिहीत असते, आणि ती कॅश भरली की वेग असा आपटतो की काही ड्राइव्ह तर फिरत्या हार्डडिस्कच्या पातळीला येतात. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅश लहान, म्हणजे 512 मधले 450 भरून ठेवलेत तर सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून मी टीएलसी (एका पेशीत तीन बिटवाली) घ्या म्हणतो आणि मोठी घ्या म्हणतो.

मोठी घेण्याचा अजून एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. एसएसडीचा वेग येतो तो अनेक नँड (डेटा साठवणाऱ्या) चिपवर एकाच वेळी लिहिण्या-वाचण्यातून. चिप कमी तर वेग कमी. 2022 च्या एम2 (हा ॲपलचा प्रोसेसर, वरची एम.2 पट्टी नव्हे) मॅकबुक एअरच्या 256 जीबी मॉडेलमध्ये एकच नँड चिप बसवली होती आणि त्याचा रीड स्पीड आधीच्या एम1 वाल्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला, त्यावेळी बरीच चर्चा झाली होती. आणि ती सोल्डर, म्हणजे घेणाऱ्यानं जन्मभर तोच वेग वापरायचा. आयुष्याचंही तसंच, सॅमसंग 990 प्रो 1 टीबीला 600 टीबी लिहिण्याची हमी आहे, 4 टीबीला 2400.

क्लाऊडचं म्हणाल तर वरचेच 810 जीबी धरा. 100 एमबीपीएसचा अपलोड अखंड मिळाला तरी अठरा तास, आणि तो अखंड मिळत नाही हे इथं कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. गगनबावड्याला किंवा राधानगरीच्या जंगलाकडं गेलात तर रेंजच नसते. एक्स्टर्नल एसएसडी चांगली वस्तू आहे, माझ्याकडं पण आहे, पण ती बॅकअपला. चालू काम सतत लोंबकळणाऱ्या केबलवर ठेवू नका. जोतिबाच्या चैत्र यात्रेत शूट करणाऱ्याला विचारा, गुलाल इतका बारीक असतो की पोर्टमध्ये जाऊन बसतो, कनेक्शन मधेच सुटलं की चालू असलेली कॉपी अर्धवट राहते आणि कुठली फाईल आली कुठली नाही हे शोधत रात्र जाते. आतली ड्राइव्ह मोठी असली की कार्ड लॅपटॉपमध्ये उतरवायचं, मग दुसरी प्रत एक्स्टर्नलवर, आणि दोन्ही तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

पण दादा, माझं खरं दुखणं जागा आणि वेगापेक्षा वेगळं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा ओळखीच्या एका अकाउंटंटचा आणि एका फोटोग्राफरचा, दोघांचे लॅपटॉप पाण्यात गेले. दोन्ही मशीन मेली. अकाउंटंटच्या लॅपटॉपची एम.2 काढली, नीट स्वच्छ करून पूर्ण वाळवली, यूएसबी एनक्लोजरमध्ये (एसएसडी बाहेरून जोडायच्या डबीत) घातली आणि सगळा डेटा समोर आला, पोराच्या बारशाच्या फोटोंसकट. फोटोग्राफरचं मशीन सोल्डरवालं. बोर्ड गंजला, चिप बोर्डावर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं अख्खा बोर्ड बदलून देतो म्हणून सांगितलं, आणि डेटाचं विचारल्यावर मान हलवली. माझ्या मते आपलं काम ज्या भागात असतं तो भाग मशीनपासून वेगळा काढता आलाच पाहिजे. एसएसडी बोर्डाला सोल्डर करणं म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला वेल्ड करून टाकणं आहे, इंजिन बसलं की ऊस पण तिथंच वाळणार. (एक गोष्ट मात्र आजच करून ठेवा, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर लिहून ठेवा, नाहीतर ड्राइव्ह काढता येऊनही काही उपयोग नाही.)

वॉरंटीची भीती मी समजू शकतो, दुकानदार पण तीच घालतात. पण लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या स्वतः सर्व्हिस मॅन्युअल वेबसाईटवर ठेवतात, त्यात एसएसडी कशी काढायची हे चित्रांसकट दिलेलं असतं. नुसता खालचा पत्रा उघडला म्हणून या कंपन्या सहसा वॉरंटी नाकारत नाहीत, तुम्ही काही मोडलंत तर तेवढ्याची जबाबदारी तुमची. तरी घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या अटी वाचायच्याच. आपल्याकडं केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला राईट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं ते याच विचारातून, की वस्तू ज्यानं घेतली त्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे.

आणि काम अवघड आहे का तर नाही. सगळं बंद करून चार्जर काढायचा, खालचे स्क्रू काढायचे, पण ते कागदावर ज्या जागेचे त्याच जागी ठेवायचे कारण मागचे लांब असतात पुढचे आखूड, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. काहींचे स्क्रू रबरी पायाखाली लपलेले असतात. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन बिजागरीच्या बाजूनं कडेकडेनं सरकवायचं, लॉक टकटक सुटत जातात. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, हे विसरायचं नाही. एसएसडीचा एकच स्क्रू असतो, तो काढला की पट्टी आपोआप थोडी वर उचलते, तशीच तिरकी ओढून घ्यायची, नवी पण तिरकीच घालून दाबायची. जोर लावावा लागला तर समजायचं खाच जुळत नाही. स्वतः करायचं धाडस नसेल तर राजारामपुरीत कुठल्याही बऱ्या दुकानात समोर बसून करून घ्या.

खरेदीआधी एकच गोष्ट तपासा जी बरेच जण विसरतात, पट्टीच्या एका बाजूला चिप आहेत का दोन्ही. 8 टीबीवाल्या सहसा दोन्ही बाजूंच्या असतात आणि पातळ लॅपटॉपमध्ये खाली तेवढी फट नसते, त्यामुळं त्या बसत नाहीत. 4 टीबीपर्यंत एका बाजूच्या मिळतात. शिवाय काही छोट्या मशीनमध्ये 2280 ऐवजी 2242 किंवा 2230 चा आखूड स्लॉट असतो, तिथं लांब पट्टी मावणारच नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमचा 512 वाला आता सारखा "जागा कमी" दाखवतोय. त्याच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर इथंच खाली टाका, सिरियल नंबर नको. मॅन्युअल बघून कुठल्या मापाची आणि एका बाजूची का दोन बाजूंची बसते ते सांगतो.