मोडी न वाचता मराठेशाहीवर पीएचडी?

परवा एका मुलीचा मेसेज आला. पीएचडीला नुकतंच ॲडमिशन झालंय, विषय पेशवेकालीन महसूल, आणि प्रश्न असा की ताई, मोडी लिपी शिकायलाच पाहिजे का, गाईड म्हणतात जुन्या कागदांच्या छापील खंडांवर काम भागेल. तिला फोनवर जे बोलले तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला आत्तापर्यंत निदान दहा जणांनी विचारलाय.

हो, शिकायलाच पाहिजे.

छापील खंडांबद्दल मला मनापासून आदर आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावरचे कुणाच्या फडताळातले कागद मिळवून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ एवढ्याशा काळात पेशवे दप्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या साठ्यातले, निवडक कागद ४५ खंडांत छापले. ते नसते तर आपण आज कुठे असतो! पण निवडक म्हणजे निवडकच ना. त्या पिढीला जे प्रश्न जवळचे वाटले, मोहिमा, राजकारण, घराण्यांची भांडणं, त्यांच्या बाजूने ती निवड झुकलेली आहे. पुण्याच्या दप्तरात रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत आणि त्यात हिशेबाचेच ढीगभर, ताळेबंद, रोजकीर्दी म्हणजे रोजच्या नोंदी, गावचे जमाखर्च. शेतसाऱ्यावर काम करायचं आणि हे कागद उघडायचेच नाहीत, मग नवीन काय सांगणार?

आणि मोडी शिकणं म्हणजे नुसती अक्षरं ओळखणं नाही, ती महिना-दीड महिन्यात येतात. खरी कसरत पुढे आहे. लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ मारलेली असते आणि तिला अक्षरं लटकवत तो बोरू फारसा न उचलता पुढे गेलेला असतो, शब्द कुठे संपला ते आपणच ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, गावाच्या नावाआधीच्या ‘मौजे’ शब्दाचं नुसतं मौ आणि पुढे दोन दांड्या. आणि मग तारीख.

माझंच सांगते. एका गावचा अर्ज होता, गारा पडून गहू-हरभरा बुडाला, शेतसाऱ्यात सूट मिळावी. तारीख छ १० जिल्हेज, सन इसन्ने सबैन मया व अलफ. छ म्हणजे चंद्र, जिल्हेज हा त्या सुमारास मार्चमध्ये येणारा हिजरी महिना, आणि सन म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं सुहूर सन. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, म्हणून मी लिहिलं मार्च १७७१. सूट दिल्याचा कागद होता वैशाख शके १६९४ चा, म्हणजे मे १७७२ चा. झालं, मी प्रकरणात लिहून मोकळी झाले की गावाची दाद लागायला सरकारला चौदा महिने लागले, आणि त्यावर दोन पानं विवेचन केलं. दप्तरात एक निवृत्त काका नेहमी येऊन बसायचे, त्यांनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, ताई, मृगसाल विसरलात. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, त्यामुळे मार्च महिना पुढच्या इसवी सनात जातो, तिथे ६०० मिळवायचे. अर्ज मार्च १७७२ चा होता, सूट दोन महिन्यांत मिळाली होती! एका आकड्याने अख्खा कारभार सुस्त ठरत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण काका तिथे नसते तर ते तसंच छापलं गेलं असतं, आणि पुढे कुणीतरी माझा हवाला देऊन तेच लिहिलं असतं.

गाईडचंही एक ऐकून घेतलं पाहिजे. मुलं लांबून येतात, पुण्यात राहायचं म्हणजे कॉट बेसिसचं भाडं, मेसचे पैसे, फेलोशिप कधी सहा-सहा महिने येत नाही, घरचे विचारतात अजून किती वर्षं. ते लवकर होईल असा विषय देतात तो काळजीपोटीच, हे मला दिसतं. पण त्यावर उपाय मूळ कागद सोडून देणं हा नाही. कोर्सवर्कला आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पीपीटी बघतो, त्याच महिन्यांत रोज दोन तास मोडी आणि कालगणना ठेवा, ज्याचा विषय तसा आहे त्याला फारसी ठेवा, नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत त्यातलं पहिलं वर्ष नुसतं वाचनाला द्या. आणि माझं ठाम मत आहे की पैसे भरून कुठल्याशा जर्नलमध्ये छापलेल्या पेपरपेक्षा पन्नास अप्रकाशित कागदांचं टीपांसकट लिप्यंतर कितीतरी मोठं काम आहे, ते प्रकाशन म्हणून धरलं पाहिजे. पुढच्या दहा जणांना त्याचा उपयोग होतो हो!

ज्यांच्या घरी जुनी दप्तरं आहेत त्यांना हात जोडून विनंती, रद्दीत देऊ नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा.

त्या मुलीला मी सरावासाठी वीस पानं पाठवली. काल रात्री पहिल्या पानाचं लिप्यंतर आलं, पहिल्या चार ओळी जवळजवळ बिनचूक आहेत. तारखेची ओळ तिने मोकळी सोडलीय. शनिवारी ती आम्ही दोघी मिळून लावणार आहोत, अजून कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा.