केवळ मुख्याध्यापक राहू नका

ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या नामांकित शाळेच्या मुख्याध्यापकपदी आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन; मात्र शाळा चालवणे हे आपले मुख्य काम आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. वेळापत्रक, दाखले, यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि मुलांच्या स्वच्छतागृहातला बिघडलेला फ्लश या बाबी उपमुख्याध्यापिका व लिपिक आजवर सांभाळत आले आहेत आणि पुढेही निमूटपणे सांभाळतील. आपण चिंतन करावयाचे आहे. शिक्षण, नेतृत्व आणि दैनंदिन जीवन यांवरचा एक तरी विचार रोज सकाळी पालकांच्या मोबाइलवर पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी घोडबंदर रोडवर वाहने खोळंबण्याची वेळ उत्तम, कारण मानपाड्याजवळ अडकून पडलेल्या पालकाइतका सवड असलेला वाचक अन्यत्र मिळत नाही.

चिंतनाला पहिला धोका असतो तो वर्गाचा. जुन्या वळणाचे मुख्याध्यापक दहावीची एखादी तुकडी हट्टाने स्वतःकडे ठेवीत, वह्या तपासत, आणि त्यामुळेच त्यांना शिक्षणाविषयी व्यापक असे काही सुचत नसे. आपण तो मोह टाळावा. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज अजून येत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की एकविसाव्या शतकातील कौशल्यांवर लिहिताना हात अडखळतो.

विषयांची वाण पडणार नाही, कारण शासन वेळोवेळी ते पुरवीत असते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे राज्य शासनाने २०१५ साली ठरवले. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाच्या पाठीवर अडीच किलो. या विषयावर परिपाठात भावपूर्ण बोलावे, 'अपेक्षांचे ओझे' असा थोडा वरच्या पट्टीतला सूर लावावा, आणि शाळेच्याच दुकानातून घ्याव्या लागणाऱ्या जाडजूड वह्यांचा उल्लेख टाळावा. शाळेतला वजनकाटा आरोग्य तपासणीसाठी असतो. त्यावर मुले चढवावीत, दप्तरे चढवू नयेत.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय आला आणि बालकांची झोप हा एक नवाच विषय हाती लागला. बसवाल्यांची अडचण, दुपारच्या सत्राची अडचण, एकाच इमारतीतल्या दोन पाळ्यांची अडचण या गोष्टी खऱ्याच आहेत, तेव्हा वेळ बदलण्याची घाई न करता झोपेवर लिहावे. आपला लेख सहाच्या सुमारास पाठवला, तर कासारवडवलीच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी उभी असलेली आई तो वाचू शकेल. तिच्या खांद्यावर दुसरीतला मुलगा झोपलेला असेल आणि त्याच्या गळ्यातला इलॅस्टिकचा टाय फिरून पाठीवर गेलेला असेल. मेंदूच्या वाढीसाठी शांत झोप किती आवश्यक आहे, हे तिला त्या क्षणी विशेष पटेल.

नेतृत्वाविषयी लिहिताना आपले सहकारी हीच आपली खरी संपत्ती, हे वाक्य विसरू नये. त्या संपत्तीची प्रत्यक्ष पाहणी मात्र शक्यतो करू नये. पाचव्या तासिकेला मोकळ्या असलेल्या बाईंनी डबा उघडून पोळीचा पहिला तुकडा मोडलेला असतो, तेवढ्यात बदली तासिकांची वही घेऊन शिपाई दारात येतो आणि "बाई, सहावी ब, सही करा" म्हणतो. बाई डाव्या हाताने झाकण लावतात आणि उजव्या हाताच्या खरकट्या बोटांना न लागेल अशा बेताने पेन धरतात. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, अशी रीतही काही ठिकाणी आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ सालचा असल्याने तो आता जुना झाला, असे मानावे. ५ सप्टेंबरला प्रत्येकीला एकेक गुलाब द्यावा. त्याचा खर्च पालक संघ करतो.

पालकसभा हे चिंतनाचे सर्वांत फलदायी व्यासपीठ होय. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडावी लागते आणि शुल्काचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो, हा एक उपद्रव आहे खरा. त्यावर उपाय असा, की सभेच्या आरंभी सजग पालकत्वावर आपण सव्वा तास बोलावे आणि शुल्कवाढ 'ऐनवेळचे विषय' या सदरात घ्यावी. तोवर अर्धे पालक ट्रान्स-हार्बरची गाडी गाठण्यासाठी उठलेले असतात. कोणी मैदानाविषयी विचारल्यास खेळातून घडणाऱ्या नेतृत्वगुणांवर बोलावे. सिडकोने शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले ते मुलांसाठी, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि संध्याकाळनंतर टर्फवर ताशी दराने खेळणारी आयटी कंपन्यांतली मंडळीदेखील कधीकाळी मुलेच होती.

समावेशक शिक्षणावर वर्षातून दोनदा तरी लिहावे. शिक्षण हक्क कायद्याने वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांमधून खासगी शाळांना वाट काढून देणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली आणि उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द केली. मधल्या पाच महिन्यांत समावेशकतेवरचे आमच्यातील कित्येकांचे लेखन एक दिवसही थांबले नाही, ही निष्ठा अनुकरणीय आहे. त्या जागांवरची मुले सहलीला का आली नाहीत, हा प्रश्न लेखात आणू नये. त्याने लेख उगाच लांबतो.

राहिले दैनंदिन जीवन. त्यासाठी बालवाडीच्या मावशींवर एक लेख अवश्य लिहावा, कारण वाचकांना असे लेखन भावते आणि शेकडो अंगठे वर होतात. मावशी मुलांची ओली चड्डी बदलतात, नाकं पुसतात, रडणाऱ्याला कडेवर घेऊन बसपर्यंत नेतात. यातले काहीही एकदा खिडकीतून पाहिले तरी पुरते. छायाचित्रात आपण त्यांच्या शेजारी, किंचित झुकून उभे राहावे. खाली त्यांचे पूर्ण नाव द्यावे लागते. ते शाळेच्या हजेरीपटावर सापडणार नाही, तेव्हा कंत्राटदाराच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्यावे.