गाडी लो करायची असेल, तर आधी शॉकअप निवडा

गाडी लो करण्याचा, म्हणजे तिची उंची कमी करण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिलिमीटर? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. गाडी खाली बसल्यावर चाकाला वर सरकायला किती वाव उरणार, आणि तेवढ्या वावात तिला सांभाळणारा शॉकअप कोणता, हे आधी ठरले पाहिजे. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, पण तिची उसळी शमवण्याचे काम शॉकअप करतो. आपल्याकडे मात्र चर्चा सगळी स्प्रिंगची होते आणि शॉकअप ‘अजून चांगले आहेत, राहू द्या’ एवढ्यावर जुनेच राहतात.

स्प्रिंग कापून घेण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण तो प्रकार अजून चालतो म्हणून लिहितो. काम करणारे वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. मात्र ती किती कडक व्हावी, याचा हिशेब कटर चालवणाऱ्याने केलेला नसतो. खरा धोका चाक खड्ड्यात उतरते तेव्हा असतो, कारण शॉकअप पूर्ण लांबतो आणि आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून बैठकीतून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवण्याची पद्धत तर त्याहून वाईट आहे. पोलादाचे टेंपर, म्हणजे मूळचा कणखरपणा, एकदा गेले की ती स्प्रिंग पुढेही दबत राहते.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण घेऊ, कारण लो केलेल्या गाड्यांमध्ये ती हमखास दिसते. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळापासून रस्त्यापर्यंतचे अंतर, साधारण १६५ मिलिमीटर, आणि भारतातल्या रस्त्यांसाठी तिची उंची युरोपातल्या पोलोपेक्षा जास्त ठेवलेली होती. परदेशी स्प्रिंगच्या खोक्यावर ‘३० मिलिमीटर’ लिहिलेले असते ते तिकडच्या मूळ उंचीवरून मोजलेले. तीच स्प्रिंग इथल्या गाडीला लावल्यावर गाडी त्याहून अधिक खाली येऊ शकते. म्हणून विकणाऱ्याला आकडा विचारण्यापेक्षा तो आकडा कोणत्या गाडीवर मोजला आहे, हे विचारावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असायला हवा. गल्लोगल्ली रातोरात उगवणाऱ्या उंचवट्यांना त्यातली ना रुंदी ठाऊक असते ना त्रिज्या. पाच माणसे बसलेली गाडी त्यावरून नेताना इंजिनच्या ऑइल चेंबरखाली किती जागा उरते, हे ज्याचे त्याने मोजावे.

आता शॉकअप. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे शॉकअपच्या दबण्याच्या प्रवासातले जवळपास तेवढेच अंतर कायमचे खर्ची पडले. जुना शॉकअप तसाच ठेवला, तर त्याचा दांडा लवकर शेवटच्या रबरी बफरवर आदळू लागतो, आणि हे आदळणे ‘कडक सस्पेन्शन’ म्हणून कौतुकाने सांगणारे लोक मी पाहिले आहेत. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टाइनच्या यादीत हा फरक स्वच्छ दिसतो: बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, तर बी८ लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. बी१२ या संचात आयबाख कंपनीच्या स्प्रिंग आणि बी८ एकत्रच मिळतात. रोजच्या वापराच्या गाडीसाठी माझी पसंती अशा जुळवलेल्या संचाला आहे, आणि तीही गाडी थोडीच खाली आणणाऱ्या.

दुसरी बाब क्वचितच बोलली जाते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असलेली गाडी, म्हणजे आपल्याकडची जवळपास प्रत्येक हॅचबॅक, फार खाली आणली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बाहेरचे टोक वर चढते. रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो, दोघांतले अंतर वाढते आणि वळणावर कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते. कडक स्प्रिंगमुळे ते जाणवत नाही इतकेच. ‘जितकी खाली, तितकी रस्त्याला चिकटलेली’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

कॉइलओव्हरचे, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडसंचाचे, आकर्षण मला समजते, पण निवडताना उंची कशी बदलते ते पाहावे. काहींत स्प्रिंगची बैठक खाली फिरवतात, तेव्हा शॉकअपचा प्रवास त्यात जातो. काहींत खालचा ब्रॅकेटच आट्यांवर सरकतो आणि प्रवास शाबूत राहतो. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट १ मध्ये डॅम्पिंग (उसळी शमवण्याचा जोर) ठरलेले असते, २ मध्ये रीबाउंड (शॉकअप लांबतानाचा जोर) बदलता येतो, ३ मध्ये कॉम्प्रेशनही (दबतानाचा जोर). कोकणात किंवा मुंबईत गाडी चालवणाऱ्याने मात्र या बटणांपेक्षा आट्यांचा धातू आधी तपासावा, कारण पावसाळ्यातल्या चिखलाने आणि खाऱ्या हवेने आट्यांवर फिरणारी कॉलर जाम झाली की उंची बदलण्याची सोय नावापुरतीच उरते.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ वाचून ठेवावे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ नुसार मालकाला ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

बसवताना फिटरला एक गोष्ट आवर्जून सांगावी. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या (मागची चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडी नव्या उंचीवर उभी राहिल्यावर आवळावेत, नाहीतर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. अलाइनमेंट त्याच दिवशी करावी आणि स्प्रिंग काही शे किलोमीटर चालून स्थिरावल्यावर पुन्हा तपासून घ्यावी.