बुडणारा माणूस हाका मारत नाही

पाण्यातील सुरक्षिततेचे नियम म्हणून एक संदेश समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बुडणारा माणूस मदतीसाठी ओरडतो, म्हणून कान उघडे ठेवावेत, त्याला बाहेर काढल्यावर आधी उलटे धरून पोटातले पाणी काढावे, आणि ज्याला पोहता येते त्याने धोका न मानता तत्काळ उडी घ्यावी. हेतू चांगला असला, तरी यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

ओरडण्यासाठी आधी श्वास हवा, आणि बुडणाऱ्याला नेमका तोच मिळत नसतो. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी ही स्थिती बारकाईने नोंदवली आहे: तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा खाली जाते, हात वर होत नाहीत, तर दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभेच असते. हे साधारण 20 ते 60 सेकंदच चालते. हाका मारू शकणारा माणूसही संकटात असतोच. पण हाक आली नाही म्हणून सारे ठीक आहे, असे समजणे घातक आहे.

दुसरा सल्ला सर्वांत अपायकारक आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जुनाही. मृत्यू ओढवतो तो प्राणवायूच्या अभावाने. पोटात साठलेल्या पाण्याने नव्हे. फुप्फुसांत गेलेले पाणी बहुधा थोडेच असते आणि माणसाला उलटे केल्याने ते बाहेर येत नाही. उलट पोट दाबले की उलटी होऊन पोटातले द्रव्य श्वासनलिकेत शिरू शकते. शिवाय या खटाटोपात वेळ जातो, आणि प्राणवायूविना मेंदूला कायमची इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. म्हणून श्वास थांबला असेल, तर पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम चालू ठेवावा. सोबतच्याने तोवर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्यालाही डॉक्टरांना दाखवावेच.

पोहायला शिकणे मोलाचेच आहे आणि शाळकरी मुलांना ते शिकवावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण थंड पाण्याचा अचानक धक्का, ओढ, थकवा किंवा मद्य यांपुढे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. त्याच संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले आणि त्यांत जवळपास चतुर्थांश मुले पाच वर्षांखालील होती. या वयात पोहण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे कुंपण, झाकण आणि मोठ्यांची अखंड नजर एवढेच कामी येते.

राहिली उडी. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाच घट्ट धरून खाली ओढतो. काठावर पालथे पडून काठी पुढे करावी, दोर किंवा घट्ट बूच लावलेला रिकामा कॅन फेकावा, आणि प्रशिक्षण नसेल तर स्वतः पाण्यात उतरू नये.