पोरकी चित्रं कोणती?

चर्चची संग्रहालयं होण्याविषयीच्या एका लेखात ‘चर्चचं संग्रहालय झालं की चित्रं पोरकी होतात’ असं वाक्य वाचलं. ते इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या मोन्तेफाल्को या डोंगरावरच्या गावाला तरी लागू पडत नाही. तिथल्या, आता संग्रहालय झालेल्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये चित्रकार बेनोझ्झो गोझ्झोलीने 1452 मध्ये पूर्ण केलेली संत फ्रान्सिसची चित्रकथा आजही मुख्य वेदीमागच्या त्याच भिंतींवर आहे. मी ती पाहिली तेव्हा पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या संताच्या प्रसंगापाशी बराच वेळ थांबलो. त्यात मोन्तेफाल्कोच रंगवलंय! आपण ज्या गावात उभे आहोत तेच गाव समोर भिंतीवर, हा अनुभव दुसऱ्या शहरातल्या कुठल्या दालनात येणार? चित्रकार पेरुजिनोचं येशूजन्माचं भित्तिचित्रही तिथेच, त्याच्या जागी.

पोरकं झालं ते वेगळंच चित्र. गावाबाहेरच्या सान फोर्तुनातो चर्चसाठी बेनोझ्झोनेच वेदीचित्र केलं होतं, संत थॉमसला आपला कंबरपट्टा देणारी मेरी. 1848 मध्ये ते पोप नववे पायस यांना भेट दिलं गेलं आणि आता व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहे. तिथे त्याची निगा उत्तम राखत असतील, पण उंब्रियातला तो डोंगर, ते गाव त्याच्याभोवती नाही. लेखात याचा साधा उल्लेखही नसावा, याचं वाईट वाटलं.