अलास्का ते कॅलगरी, मार्गे पाचवड

नाना, म्हणजे माझे वडील, एसटीत ३४ वर्षं कंडक्टर होते हे मी विसरलो नव्हतो. पण नानाही ते विसरलेले नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अँकोरेजला बायकोला विमानतळावर सोडून परत आलो, तर आमच्या भाड्याच्या २९ फुटी आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, छताखालून नायलॉनची दोरी ताणलेली. एक टोक मागच्या जेवणाच्या टेबलापाशी, दुसरं माझ्या सीटच्या डोक्यावर. तिथे स्टीलचा पेला आणि त्यात लोंबणारा चमचा. नानांनी मागून दोरी दोनदा ओढली. टण, टण.

‘‘जाऊ द्या,’’ नाना म्हणाले.

बायकोची रजा संपली होती. ती विमानाने कॅलगरीला गेली आणि त्याच रात्री स्वतःच्या गादीवर झोपली. मागे उरलो मी, ७६ वर्षांचे नाना, भिकू नावाचा लॅब्रॉडॉर आणि काशी नावाची बीगल. पुढे साधारण साडेतीन हजार किलोमीटर रस्ता. त्यातल्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही, आणि एका पंपावरून निघालं की दुसरा कधी येईल ते नशीब आणि पाटी ठरवणार.

‘‘पुढं बसा की, डोंगर दिसतात,’’ मी म्हणालो.

‘‘कंडक्टर ड्रायव्हरशेजारी बसतो का कधी?’’ असं विचारून नाना मागे टेबलापाशी बसले, पट्टा लावला आणि शाळकरी वहीत वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीचा हिशोब, आखायला घेतलं. भिकू आणि काशीला हाफ तिकीट. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, म्हणून स्वतःच्या नावापुढे शून्य. ड्रायव्हरला तिकीट नसतंच. म्हणजे अख्ख्या गाडीचं उत्पन्न दोन हाफ तिकिटं, आणि गाडी लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर देणारी. ‘रूट तोट्यात’ हा शेरा पहिल्याच दिवशी पडला.

कॅनडात शिरताना बीव्हर क्रीकच्या चौकीवर कुत्र्यांच्या रेबीजच्या लशीची सर्टिफिकेटं मागितली. काशीचं व्यवस्थित होतं. भिकूच्या सर्टिफिकेटचा कोपरा, नेमका तारखेचा, भिकूनेच खाल्ला होता. अधिकारी बाईंनी कागद पाहिला, भिकूकडे पाहिलं, परत कागद पाहिला. भिकूने शेपटी हलवली. बायकोने निघताना माझ्या फोनमध्ये फोटो काढून ठेवला होता म्हणून सुटलो. ‘‘तिकीट हरवलेला पॅसेंजर अशीच लाडीगोडी लावतो,’’ नाना मागून म्हणाले.

तिथून पुढे रस्ता लाटा मारायला लागतो. जमिनीखाली बारमाही बर्फ. तो वितळतो तिथे जमीन खचते, पाणी पुन्हा गोठतं तिथे फुगते, आणि वरचं डांबर निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखं कुठेही वर येतं. ताशी चाळीसच्या वेगातही कपाटातले डबे उड्या मारत होते. एका लाटेवर दार उघडलं आणि पोह्यांचा तीन किलोचा डबा उपडा झाला. मी गाडी बाजूला घेऊन मागे येईपर्यंत भिकूने निम्म्याहून जास्त पोहे संपवले होते आणि शांतपणे पाण्याच्या भांड्याकडे निघाला होता.

पोहे पाण्यात काय करतात हे ज्याने भिजवलेत त्याला सांगायला नको.

रात्रीचा मुक्काम क्लुआनी तळ्याकाठी. फाटकावरच पाटी: ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. जुलैचा पहिला आठवडा, रात्री एक वाजताही वहीतली ओळ वाचता येईल एवढा उजेड. पहिल्यांदा भिकूने साडेअकराला दाराशी जाऊन तोंड वेडंवाकडं केलं. मग साडेबाराला. मग दीडला. चौथ्या वेळी मी घड्याळ बघणं सोडून दिलं. डाव्या हातात भिकूची दोरी, उजव्या हातात अस्वलावर मारायचा स्प्रे, दातांत प्लॅस्टिकची पिशवी, अशा अवताराने मी झुडपांपाशी उभा. समोर तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, गुलाबी आकाश. लोक लाखो रुपये खर्चून हे बघायला येतात. मी भिकूच्या पाठीकडे बघत होतो.

नाना खिडकीत होते. ‘‘त्या डब्यात काय असतं रं?’’

‘‘मिरचीचा अर्क.’’

‘‘मग अस्वल कोल्हापूरकडचं नाही ना, एवढं बघून घे.’’

सकाळी मैल्याची टाकी रिकामी करायची होती. तो पाइप जोडताना काय झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की तेवढ्या अर्ध्या तासात कुत्री आणि नाना तिघंही वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभे होते, आणि तिघांपैकी कोणीच माझ्याशी बोललं नाही.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य हा रस्ता, अलास्का हायवे, बांधत होतं. त्यातल्या घरच्या आठवणीने कासावीस झालेल्या एका सैनिकाने आपल्या गावाचं नाव आणि अंतर लिहून पाटी ठोकली. मग जो येईल तो ठोकत गेला. आता हजारो पाट्या आहेत, खांबच खांब. नानांना या पाट्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप. ‘‘एवढा रस्ता आठ महिन्यांत? आमच्या आळीत गटाराची खोदाई दोन वर्षं चालली होती.’’ भिकूला मात्र खांबांचंच अप्रूप. पहिल्या रांगेत तो उत्साहाने भिडला, तिसऱ्या रांगेत नुसताच पाय वर करून उभा राहिला, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की माल संपलाय, पण ऑर्डरी बाकी आहेत.

नानांनी आरव्हीतला भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा पाट आणला होता. त्यावर मार्करने ठळक अक्षरात: ‘वाई – सातारा, मार्गे पाचवड’. ठोकून झाल्यावर दोन पावलं मागे येऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. ‘‘आठ वर्षं हा रूट केला,’’ म्हणाले. पाटाचे पैसे नंतर भाड्याच्या बिलात लागले.

पुढे बायसन आले. पंचवीसेक, वासरांसकट, रस्त्याच्या मधोमध. काही बसलेले. मी हॉर्नकडे हात नेला, तर मागून आवाज आला, ‘‘आरं, म्हशीम्होरं हॉर्न वाजवतंय का कोण? इंजिन बंद कर. त्यांना उठायचं तवा उठतील.’’ चाळीस मिनिटं गेली. एक नर खिडकीपाशी येऊन थांबला. त्याचं डोकं आमच्या फ्रिजएवढं होतं. अस्वलाच्या वासावरही भुंकणारी काशी टेबलाखाली नानांच्या पायांत जाऊन बसली. वेबिलात नोंद: ‘लेट. कारण, गुरं.’

आणि मग मंचो लेकच्या अलीकडचा पंप. तळ्याचा हिरवा-निळा रंग बघत मी डिझेल भरलं, पैसे दिले, येऊन सीटवर बसलो. आत कुत्री होती. मागून टण, टण. मी गाडी काढली.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मला कशाची तरी चुकचुक लागली. सत्तरच्या वर काटा जाऊनही मागून ‘‘हळू!’’ आलं नव्हतं. वळणावर गिअरची चौकशी झाली नव्हती. ‘‘नाना?’’ उत्तर नाही. गाडी थांबवून मागे आलो. नानांच्या जागेवर काशी उभी होती, खिडकीच्या काचेला नाक लावून. तिच्या गळपट्ट्यात घंटेची दोरी अडकलेली. नाना कुठे राहिले ते बघायला ती सीटवर चढली असणार, आणि दोन झटके बसले असणार. म्हणजे गाडीत एकालाच नानांची काळजी होती, आणि तिनेच नानांना सोडून गाडी सोडली होती.

फोनला रेंज नाही. २९ फुटी गाडी त्या अरुंद रस्त्यावर वळवायला जागा सापडेपर्यंत आणखी सहा किलोमीटर. त्या वेळात मी मनातल्या मनात बायकोला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. एकही प्रकार चालण्यासारखा नव्हता.

नाना पंपाच्या बाकावर बसले होते. कोणीतरी त्यांना कॉफी दिली होती. वही मांडीवर, पेन कानावर. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. काशी त्यांच्या अंगावर झेपावली तेव्हा तिची मान धरून, गळपट्ट्यात अडकलेला दोरीचा तुकडा निरखून पाहिला आणि शेरा पूर्ण केला: ‘कंडक्टर थांब्यावर राहिला. घंटी अनधिकृत व्यक्तीने दिली. ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं नाही.’

‘‘हे रिपोर्ट होणार,’’ ते म्हणाले.

‘‘कुणाकडे?’’

‘‘सूनबाईंकडं.’’

रिपोर्ट झाला. सविस्तर.

नाना सप्टेंबरात साताऱ्याला परत गेले. घंटेचा पेला स्वयंपाकघरात आला. परवा पोहे करताना बायकोने उलथनं कढईच्या काठावर दोनदा आपटलं. भिकू आणि काशी दोघं झोपेतून उठले, दाराशी गेले आणि गाडीच्या दिशेला तोंड करून बसले. काशीने मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं. खोली रिकामी होती. ती जागची हलेना.